अठ्ठीपंत

अठ्ठीपंत म्हणजे कुणी एकच माणूस नव्हे. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत, जिथे म्हणून चार मराठी घरांतली मंडळी शुक्रवारी रात्री बेसमेंटमध्ये पत्ते कुटायला जमतात, तिथे एक अठ्ठीपंत असतोच. वय पन्नाशीपुढचं, चष्मा कपाळावर, भडंगाची वाटी मांडीवर. बाकीचे बिचारे दोन पानांचा टेक्सास होल्डम खेळायला आलेले असतात. ज्याचा हात मोठा त्याचे पैसे, विषय संपला. एवढा सरळ व्यवहार पंतांना सोसत नाही. ‘आज काय खेळायचं?’ असं यजमानाने विचारायचा अवकाश, की उत्तर येतं, ‘ओमाहा हाय-लो, एट ऑर बेटर!’

मग प्रवचन. हातात चार पानं, टेबलावर पाच. त्यांतून हातातली बरोबर दोन आणि टेबलावरची तीन घ्यायची. ‘एक नाही, तीन नाहीत, दोन!’ हे पंत दर डावाला बजावतात. अर्धा पॉट मोठ्या हाताला, अर्धा लहानाला. इथवर सगळे माना डोलावतात. पण लहान म्हणजे किती लहान, यावर चहा गार होतो. पाचही पानं वेगवेगळी हवीत, अठ्ठी किंवा तिच्याखालची हवीत, आणि एक्का इथे सगळ्यांत धाकटा. टेबलावर अशी तीन पानं आलीच नाहीत तर लो रद्द, सगळा पॉट मोठ्या हाताच्या घशात. शिवाय लहान हात वरून वाचायचा. ८-४-३-२-एक्का दिसायला कितीही गोजिरवाणा असला तरी ७-६-५-४-३ पुढे तो हरतो, कारण सातापेक्षा आठ मोठे. ‘म्हणजे आपली तीन पत्तीतली मुफलिसच की!’ असं कुणी म्हणालं तर पंत दुखावतात आणि गाडी ‘ड्यूस टू सेव्हन’वर नेतात. तिथे एक्का मोठा, स्ट्रेट किंवा फ्लश लागला की लो बिघडला. इथे तसं नाही. इथे स्ट्रेट-फ्लश लागले तरी लो शाबूत. म्हणूनच एक्का ते पंजी हा सर्वोत्तम लो.

पंतांचा जीव एक्का-दुर्रीत. ती हातात आली की भडंग चावणं थांबतं आणि सगळ्या टेबलाला कळतं. टेबलावर आणखी एक दुर्री पडली, की ‘बाटली! माझी दुर्री बाटली!’ म्हणून हळहळतात. माझ्या मते या माणसाला पैशांपेक्षा निकाल देण्याची हौस जास्त आहे. तो जिंकायला बसत नाही, न्यायदानाला बसतो.

परवाचंच घ्या. टेबलावर बदामची अठ्ठी, सत्ती, तिर्री, शिवाय किलवरचा राजा आणि चौकटचा गुलाम. पंतांकडे इस्पिकची एक्का-दुर्री. तिघांनी वीस-वीस डॉलर घातलेले, पानं टाकून गेलेल्या एकाचा एक, एकूण ६१. एकाने तीन राजे दाखवले. नुकताच नोकरीला लागलेला एक पोरगा म्हणाला, ‘काका, माझा एक्क्याचा फ्लश. मोठा हात माझा. लो तुमचा, माझे तर सगळे बदामच आहेत.’ गप्प बसले असते तर पंतांना ३० डॉलर मिळत होते. पण त्यांनी त्या पोराची पानं पुढे ओढली. बदामचा एक्का, बदामची दुर्री.

‘अरे बाळा, फ्लशने लो बिघडत नाही! तीच पाच पानं, तोच फ्लश, तोच लो. तुझा आणि माझा लो सारखा!’

‘पण काका, मी तर लो मागितलाच नाही.’

‘मागायचं काय त्यात? पानं बोलतात!’

हिशेबही त्यांनीच केला. ३० चे दोन भाग, १५ पोराला, १५ स्वतःला. वीस घालून पंधरा घेतले, आणि चेहऱ्यावर खटला जिंकल्याचं तेज. राहिलेले ३१ पोराचे, कारण अर्ध्यात न बसणारी वरची एक चिप मोठ्या हाताला जाते. ४६ डॉलरचा ढीग बघून पोराला संकोच वाटला. ‘काका, ती वरची एक तरी ठेवा तुम्ही.’

पंत ताडकन उभे राहिले. ‘ठेवा म्हणजे? हे काय हळदीकुंकवाचं वाण आहे? उचल ती चिप! आणि पानं पिस, डाव तुझा आहे.’