सबब नामंजूर

सरकारी नोकरीत माझं काम एकच होतं, लोकांची बिलं परत पाठवणं. त्यातही वैद्यकीय प्रतिपूर्तीची बिलं माझ्या विशेष आवडीची. डॉक्टरची सही आहे तर शिक्का नाही, शिक्का आहे तर तारीख नाही, तारीख आहे तर ती नेमकी रविवारची. अशा त्रुटी हुडकण्यात हयात गेली. पण निवृत्तीनंतर दोघांसाठी आरोग्य विमा शोधायला बसलो आणि कळलं, या विद्येत आपण अजून बालवाडीतच आहोत.

एजंटाने माहितीपत्रकं आणून टाकली. प्रत्येकावर साठीचं एक जोडपं सायकलवर बसून खदाखदा हसतंय. हसतील नाही तर काय, त्यांनी आतली पानं कुठे वाचलीत!

मी वाचली. आणि भाळलो ते खोलीभाड्याच्या कलमावर. विमा ५ लाखांचा, खोलीला रोज त्याच्या एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये. आपण १०,००० ची खोली घेतली तर वरचे ५,००० आपल्या खिशातून, असं कुणाही भोळ्या माणसाला वाटेल. छे! खोली दुप्पट भाड्याची, म्हणून सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, सगळ्याचं निम्मंच मिळणार. औषधं आणि गुडघ्यात बसवलेला सांधा मात्र या कात्रीतून सुटतात. पोट तेच, टाकेही तेवढेच, पण पेशंटला खिडकीतून झाड दिसत होतं, सबब निम्मं बिल नामंजूर. हे कलम लिहिणारा माणूस आमच्या खात्यात असता तर मी त्याच्या हाताखाली आनंदाने राबलो असतो.

मग को-पे. ‘काका, आजार शंभर टक्के तुमचा, पण बिल फक्त वीस टक्के तुमचं,’ असं एजंटाने फार हळुवारपणे सांगितलं.

मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांना सहसा दोन वर्षं थांबावं लागतं. बीपी-शुगर आधीपासून असेल तर जास्तीत जास्त तीन. पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती, २०२४ मध्ये विमा नियामकाने ती खाली आणली. म्हणजे मोतीबिंदूने विम्याच्या तारखेपासून दोन वर्षं कच्चंच राहायचं. मी डाव्या डोळ्याला तसं समजावून सांगितलंय. नवा विमा ६५ पर्यंतच देऊन थांबण्याची कंपन्यांची जुनी मुभाही त्याच वर्षी संपली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. इतकं चांगलं लागोपाठ घडलेलं पाहून मला संशय आला आणि मी बारीक अक्षरातला मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

तोवर हिने फॉर्म भरायला घेतला होता. एजंट म्हणाला, ‘काकू, शुगर जेमतेम बॉर्डरवर आहे, कशाला लिहायची?’

‘लिहायची,’ ही म्हणाली. ‘पाच वर्षं सलग हप्ते भरले की त्यांना जुनं उकरता येत नाही म्हणे. पण तोवर उकरतील ना? आणि लबाडी निघाली तर नंतरही सोडत नाहीत.’

आणि तिने लिहिलं. शुगर, बीपी, लग्नाआधीचं माझं मूळव्याधीचं ऑपरेशन, ते तिला कुणी सांगितलं देव जाणे. तंबाखूच्या रकान्याशी पेन थांबलं. ‘कधीतरी,’ मी पुटपुटलो. फॉर्मवर ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच दोन चौकोन होते. तिने ‘हो’वर अशी खूण केली की खालच्या कागदावरही उमटली.

प्लॅनही तिनेच ठरवला. हप्ता जास्त, पण खोलीभाड्याला मर्यादा नाही आणि को-पेही नाही. माझे तुलनात्मक तक्ते तिने रद्दीत घातले.

पॉलिसी आली. नापसंत असेल तर ३० दिवसांत परत करता येईल, असं तीत छापलं होतं. मी चष्मा पुसला, लाल पेन काढलं. हिने फाइल उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

‘एकतिसाव्या दिवशी देते,’ म्हणाली. ‘मग काढा हवे तेवढे आक्षेप.’