इन्स्टॉलभाऊ

राजापेठेत कुणाला वेबसाइट हवी झाली की लोक इन्स्टॉलभाऊंकडेच जातात. साइट अजून कुणाला मिळालेली नाही, पण भाऊंच्या हुशारीबद्दल कुणाची तक्रारही नाही.

पुलाजवळ गिलावड्याची गाडी लावणाऱ्या काकांची मागणी साधी होती. एकच पान; त्यावर भाव, वेळ आणि फोन नंबर. भाऊंनी गाडीवरच लॅपटॉप उघडला. "काका, डेटाबेस कायले पाह्यजे? मजकूर साध्या फाइलीत लिहाचा, साचा एकडाव बनवाचा अन् सारी पानं आधीच तयार करून ठेवाची. गिऱ्हाईक आलं का नुसतं वाढाचं." काकांना पटलं. त्यांचे वडेही असेच आधी तळून दह्यात पडलेले असतात.

आता अशी पानं तयार करणारं साधन कोणतं घ्यायचं? जेकिल २००८चं, त्याला रुबी लागते. २०१३चं ह्युगो एकाच फाइलीत येतं आणि लगेच चालू होतं, म्हणून भाऊंना ते मुळीच आवडत नाही. इन्स्टॉल करायला काही उरतच नाही! कौल इलेव्हन्टीला मिळाला, कारण ते एनपीएम या पॅकेजांच्या कोठारातून उतरवावं लागतं.

पण त्याला लागणारं नोड लॅपटॉपवर जुनं निघालं. ते नवं करायला आधी व्हर्जन मॅनेजर आला. मग पॅकेज डॉट जेसनमध्ये प्रोजेक्टचं नाव. तिथे इंग्रजीतलं मोठं अक्षर चालत नाही, एवढं भाऊंना पाठ. पण 'गिलावडा'त व्ही घालायचा की डब्ल्यू, यावर गाडीभोवतीच्या गिऱ्हाइकांत दोन तट पडले. अखेर कमांड सुटली. पडद्यावर ओळी धावल्या आणि शेवटी सूचना आली, की इतकी इतकी पॅकेजेस आर्थिक मदतीच्या शोधात आहेत.

"हेबी वर्गणीवालेच काय बाप्पा?" काकांनी झारा खाली ठेवला.

भाऊ खुलले. २०१६च्या मार्चमधली लेफ्ट-पॅडची कथा ते पोथीसारखी लावतात. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणारा, जेमतेम ११ ओळींचा तुकडा. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून भांडण झालं, लिहिणाऱ्यानं रागारागात आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली, आणि त्या तुकड्यावर टेकलेले जगभरातले हजारो प्रकल्प अडकले. "अकरा ओळी, काका! अमेरिका थांबली!" हे सांगताना भाऊंच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते नोड मॉड्युल्सचं फोल्डर फुगताना बघतानाही येतं. काकांचा सगळा मजकूर चार ओळींचा होता. तो अजून कुणी टाइप केलेला नव्हता.

चिंचेची चटणी संपत आली, तेव्हा भाऊंनी विजयी मुद्रेनं पत्ता सांगितला : लोकलहोस्ट ८०८०. काकांनी हात पुसून फोनवर टाकला. काही उघडेना.

"माह्या लॅपटॉपवर तर चालून रायली न!" भाऊ म्हणाले.

"मंग गिऱ्हाईक तुह्या घरी पाठवू काय?"

भाऊंनी खरोखरच विचार केला. "पाठवा ना. पण वडेबी पाठवजा."