ग्वाटेमाला : सुटण्याची वेळ ५.४०

आमचे दाजी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण गाड्या सोडायची सवय काही सुटली नाही. ताईने चहा आणला की ते आधी घड्याळ बघतात, मग कप. असा माणूस पाठीवर पिशवी टाकून ग्वाटेमालाला जाऊ म्हणतो तेव्हा मेहुण्याने काय करायचं? भाचा ह्यूस्टनला असतो, तिथून विमान तीनेक तासांत ग्वाटेमाला सिटीत उतरवतं. ताईला नातवापाशी ठेवलं की झालं. "जा बाबांनो," ती म्हणाली, "मला तेवढीच विश्रांती."

साताऱ्याच्या घरी दाजींनी लांब वही काढून उभ्या रेघा मारल्या. तारीख, सुटण्याचं ठिकाण, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, किलोमीटर आणि शेवटी शेरा.

"देश केवढा?"

"सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा मोठा."

"मग काय, दोन-तीन विभाग. चौदा दिवस रगड झाले."

मी वाचून दाखवायचो, दाजी वेळा टाकायचे. चिचिकास्तेनांगोचा बाजार गुरुवारी आणि रविवारी, म्हणून आधी रविवार पक्का केला आणि बाकीचे वार त्याच्या मागेपुढे बसवले. आतितलान सरोवरावर दुपारी शोकोमिल नावाचा वारा उठतो आणि होड्या नाचायला लागतात, म्हणून तिथली फेरी सकाळची. आकातेनांगो डोंगर ३,९७६ मीटर. तंबूत रात्र काढायची आणि समोरचा फुएगो ज्वालामुखी बघायचा. तिथे त्यांनी 'मुक्कामी' असं लिहिलं.

"हा फुएगो दर पंधरा-वीस मिनिटांनी उडतो म्हणे," मी जरा भीत सांगितलं. २०१८ साली तो इतका उडाला होता की पायथ्याची वस्तीच राखेत गेली. ते मी गिळलं.

"पंधरा-वीस मिनिटांनी? सातारा-स्वारगेटच की!" दाजी खूश.

लांकीन ते सेमुक चांपेय, ११ किलोमीटर, पाऊण तास, असं कुठंसं दिलं होतं. दाजींनी ती छपाईची चूक ठरवली आणि वीस मिनिटं केली. (तो पाऊण तास पुढे आम्ही पिकअपच्या हौद्यात उभ्याने, गजाला लोंबकळून काढला. छपाईची चूक नव्हती.)

आकातेनांगोवर दाजी थंडीत मफलर गुंडाळून, हातात घड्याळ धरून बसले. अंधारात लाल कारंजं उडायचं, काही सेकंदांनी गडगडाट पोचायचा आणि तंबूचं कापड थरथरायचं. दाजी बॅटरी लावून वहीत वेळ टिपायचे. दुसरे गिर्यारोहक ज्वालामुखीचे फोटो काढत होते. एक-दोघांनी दाजींचाही काढला.

दोन दिवसांनी अँटिग्वाच्या बाजारामागच्या स्टँडवर आलो. चिमालतेनांगो, लॉस एन्कुएन्त्रोस, सोलोला अशा तीन ठिकाणी गाड्या बदलून सरोवर गाठायचं होतं. वहीत पहिली गाडी ५.४०. ५.४० ला गाडी उभी होती. ५.५५ लाही उभीच. दारात लोंबकळणारा पोऱ्या 'चिमाल-चिमाल-चिमाल' ओरडत होता. दाजींनी जाऊन त्याच्यासमोर मनगट धरलं.

"फीहेसे के..." तो गोड हसला. ड्रायव्हर न्याहारीला गेला होता.

शब्दशः अर्थ, असं बघा की. पण कामाचा अर्थ आपल्या 'त्याचं काय झालं' इतकाच. पुढे वाईट बातमी आहे आणि सांगणाऱ्याचा तीत काडीचा दोष नाही. ज्याला हे दोन शब्द कळले त्याला निम्मं ग्वाटेमाला कळलं.

दूर फुएगोने धुराचा एक गोळा सोडला. "या डेपोत वेळेवर सुटणारा तो एकटाच," दाजी म्हणाले.

गाडी म्हणजे अमेरिकेतली शाळेची पिवळी बस. तिथून निवृत्त झाली की इकडे येते, लाल-निळा रंग आणि चकचकीत पट्ट्या लावून पुन्हा रुजू होते. दाजींना हे फार पटलं. पटलं नाही ते बाक. दोन पोरांच्या बाकावर तीन मोठे, आणि तिसऱ्याचा अर्धा भाग वाटेत. पलीकडच्या बाकावरचा तिसराही तसाच, तेव्हा दोघांनी एकमेकांना खांदा द्यायचा. त्या खांद्यांमधून पोऱ्या पैसे गोळा करत गेला, धावत्या गाडीच्या टपावर चढला आणि मागच्या दाराने परत आत आला.

"आपल्याकडं मेमो मिळाला असता," दाजी म्हणाले. आवाजात हेवा होता.

सरोवरावर त्याहून वाईट. लांचा, म्हणजे तिथली होडी, कधी सुटणार विचारलं, तर भरली की. दाजींचा चेहरा पडला.

"म्हणजे वडाप!"

नोकरीभर ज्या वडापशी लढले, त्याच वडापमध्ये ते आता तीनशे मीटरहून खोल पाण्यावर बसले होते. ती भरेस्तोवर बारा वाजले, शोकोमिल उठला, फीहेसे के. रविवार हुकला, बाजारासाठी गुरुवार धरावा लागला आणि टिकालची पिरॅमिडं वहीतून घसरायला लागली.

कोबानला पोचलो तो दाजी वेळ विचारेनासे झाले होते. वाटेत वेलदोडा सुकवणाऱ्या भट्ट्यांचा वास येत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन मळेवाल्याने हे पीक इथे लावलं, आणि आज जगात सगळ्यात जास्त वेलदोडा हाच देश निर्यात करतो. खाणावळीत मावशी मक्याच्या टॉर्टिया थापत होत्या. परातीवर नव्हे, दोन तळव्यांतच, टाळ्या वाजवल्यासारख्या. काळ्या घेवड्याबरोबर दाजींनी सात संपवल्या आणि वास डोक्यात होता म्हणून वेलदोडा घातलेला चहा मागितला.

"फीहेसे के..." मावशी म्हणाल्या. वेलदोडा सगळा अरबांच्या कॉफीत जातो. घरात कोण ठेवतो?

तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला. "आज टिकाल ना हो? नातवाला पिरॅमिड बघायचाय."

दाजींनी वही उघडली, मिटली. मग फोन जरा लांब धरून गोड हसले.

"अगं, त्याचं काय झालं..."

मराठीचा गंध नसलेल्या मावशी थापता थापता थांबल्या आणि खो खो हसायला लागल्या.