गिरणीतून नेतृत्वाकडे

साहित्य : एक स्मार्टफोन, एक एआय सहायक आणि आयुष्यात नुकतीच घडलेली एखादी किरकोळ घटना. घटना जितकी किरकोळ, तितकी पोस्ट भारदस्त होते. लग्न, बाळंतपण, अपघात असले विषय नवशिक्यांनी घेऊ नयेत. त्यांत खरोखरच काहीतरी घडलेलं असतं आणि ते सारखं मध्ये येतं.

मी दळणापासून सुरुवात केली. रविवारी सकाळी आईने 5 किलो ज्वारीचा डबा हातात दिला आणि बजावलं, ‘गव्हावर टाकू नको म्हणावं त्याला.’ मी गिरणीत गेलो. गिरणीवाले अण्णा म्हणाले, ‘डबा ठेवून जा, लाइट गेलीय.’ मी डबा ठेवून परत आलो. झालं ते एवढंच. त्यात नेतृत्व, चिकाटी, ग्राहकसेवा असलं काहीही नव्हतं. हेच चार ओळींत सहायकाला लिहून दिलं आणि म्हटलं, ‘याची लिंक्डइनसाठी प्रेरणादायी पोस्ट करून दे.’ चहा गार व्हायच्या आत पोस्ट तयार :

‘मी दळण घेऊन गिरणीत गेलो.

परत आलो तो वेगळा माणूस होऊन.

वीज नव्हती.

यंत्रं थांबली होती.

पण अण्णा थांबले नव्हते.

ते हसले आणि म्हणाले, “साहेब, मी पीठ दळत नाही. मी विश्वास दळतो.”’

अण्णा असं काही म्हणालेले नाहीत. गेल्या 22 वर्षांत ते माझ्याशी जे काही बोलले असतील, त्यातलं निम्मं ‘सुट्टे द्या’ हेच आहे. शिवाय विश्वास दळला की त्याचा भुगा होतो, हे यंत्राच्या ध्यानात आलं नसावं. आईची गव्हाबद्दलची सूचनाही त्याने गाळली होती. प्रेरणेच्या दृष्टीने गहू अनावश्यक असणार.

आता शिकण्यासारखं काय ते पाहू. पहिली ओळ. लिंक्डइन एका पोस्टला 3,000 अक्षरांपर्यंत जागा देतं, पण समोरच्याला सुरुवातीच्या दोनतीन ओळीच दाखवतं, बाकीचा मजकूर दाराआड. ते दार लोटायला लावेल अशी ओळ हवी. ‘त्या दिवशी मी राजीनामा दिला.’ बोट आपोआप पडतं. आत गेल्यावर कळतं की राजीनामा सोसायटीच्या पार्किंग समितीचा होता, पण तोवर माणूस आत आलेला असतो. दर वाक्यानंतर एक ओळ मोकळी सोडावी. शाळेत असं लिहिलं असतं तर बाईंनी ‘वह्या फुकट येतात का?’ म्हणून कान धरला असता. इथे त्याला वाचनीयता म्हणतात.

सहायक असं का लिहितो, हे एकदा समजून घेतलेलं बरं. त्याने जगभरचा अफाट मजकूर पचवलेला असतो आणि कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशोबाने तो पुढे सरकतो. गिरणीतही हेच होतं : पहाटेपासून अख्ख्या पेठेचं धान्य पडून गेलेलं असतं. आपण आपली ओंजळभर ज्वारी वरून टाकतो आणि खाली जे पडतं त्यात आधीच्या वीसजणांचं पीठ असतं. म्हणून माझे अण्णा आणि दुसऱ्या कोणाचा रिक्षावाला, तिसऱ्याचा लिफ्टमन, चौथीची भाजीवाली हे सगळे एकाच सुरात बोलतात. सगळे गरीब, सगळे हसतमुख, आणि सगळ्यांना व्यवस्थापनशास्त्र तोंडपाठ.

त्यात आणखी एक गोम आहे. या यंत्रांना वळण लावताना माणसांना विचारलेलं असतं, हे उत्तर आवडलं की ते? आणि माणसाला काय आवडतं हे लग्नातल्या आहेरापासून साहित्य संमेलनाच्या स्वागतापर्यंत आपण जाणतोच. 2025 च्या एप्रिलमध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीतला एक बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण ते येईल त्याची नको इतकी हांजीहांजी करायला लागलं होतं. म्हणून ‘पोस्ट कशी झालीय?’ असं सहायकाला कधीही विचारू नये. मी विचारलं. ‘हा प्रश्न तुम्हाला पडला यातच तुमचं वेगळेपण दिसतं,’ असं उत्तर आलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरात असं कोणी बोलत नाही.

नम्रतेच्या बाबतीत आपल्याला शिकवणीची गरज नाही. लिंक्डइनवर पुरस्कार मिळाला की माणूस इंग्रजीत ‘हम्बल्ड’ होतो, म्हणजे छाती फुगते आणि मान झुकते, दोन्ही एकाच वेळी. आपल्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हे आसन कधीपासून चालू आहे. मधोमध दादा हात जोडून उभे, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि खाली टपाल तिकिटाएवढ्या चेहऱ्यांच्या चाळीस शुभेच्छुकांची रांग. तो फ्लेक्स थांबून वाचतात ते हेच चाळीसजण, आपला फोटो नीट आलाय का हे बघायला. पोस्टच्या शेवटी माणसं टॅग करण्यामागचं शास्त्र याहून निराळं नाही. आपल्या लोकांनी ते फक्त बांबूवर बांधलं होतं.

अश्रूंचं प्रमाण सांभाळावं. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीच्या प्रमुखाने माणसं कामावरून काढल्यावर स्वतःचा रडतानाचा फोटो लिंक्डइनवर टाकला आणि जगभर त्याची टर उडाली. डोळे पाणावलेले चालतील, गाल ओला नको.

यानंतर स्वच्छता. यंत्राने लिहिलेलं आजकाल लोक लांबूनच ओळखतात. दोन वाक्यांमधली ती लांब आडवी रेघ, तीन-तीनच्या जुड्या, रॉकेटचं चित्र, आणि ‘हे केवळ पीठ नाही, ही एक भावना आहे’ या साच्यातलं वाक्य. हे सगळं निवडून काढावं, तांदळातल्या खड्यांसारखं. माझ्या पोस्टमधून निवडल्यावर ‘वीज नव्हती’ एवढंच शिल्लक राहिलं. मग सहायकाला म्हटलं, माणसाने लिहिल्यासारखं कर. त्याने दोन ठिकाणी ‘खरं सांगू?’ घातलं आणि एक ऱ्हस्व-दीर्घ चुकवून दिलं.

चिकटवण्यापूर्वी एकदा तरी वाचावं. आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने घाईत पोस्ट टाकली, तिची पहिली ओळ होती, ‘नक्कीच! ही घ्या तुमची अधिक भावनिक आवृत्ती.’ मध्यावर चौकटी कंसात लिहिलेलं होतं, ‘इथे वडिलांची एखादी आठवण टाका.’ खाली सहा जणांनी ‘किती मनापासून लिहिलंय’ असं म्हटलं आणि दोघांनी वडिलांना श्रद्धांजली वाहिली. वडील हडपसरला असतात, रोज टेकडी चढतात.

एक नियम तेवढा थट्टेबाहेरचा : ऑफिसातलं गुपित सहायकाच्या ओटीत घालू नये. 2023 मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. टेंडरचा आकडा, ग्राहकाचं नाव, पगाराची यादी यांतून कितीही चांगली प्रेरणा मिळणार असली तरी मोह आवरावा. दळण सुरक्षित असतं.

पोस्ट टाकल्यावर वाट पाहावी लागत नाही. पहिली प्रतिक्रिया नवव्या मिनिटाला आली. ‘अण्णांचं वाक्य मनात घर करून गेलं. पुरवठा साखळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवं.’ हे लिहिणाऱ्या गृहस्थांना मी ओळखतो. ते फोनवर ‘ओके’चासुद्धा ‘के’ करतात. म्हणजे जी पोस्ट मी लिहिली नव्हती, ती त्यांनी वाचली नव्हती आणि त्यांच्या यंत्राने माझ्या यंत्राचं कौतुक केलं होतं. मी माझ्या यंत्राकडून आभार मानले. इतका सुसंस्कृत संवाद आमच्यात याआधी झाला नव्हता. यंत्राचा हात लागला हे कबूल करायला मात्र कोणी तयार नसतं. लिंक्डइनचे तेव्हाचे प्रमुख रायन रोस्लान्स्की यांनीच 2025 मध्ये सांगितलं होतं की, पोस्ट सुधारून देणारी आपली एआय सोय वाटली होती तेवढी चालली नाही. तिथे जे लिहितो तो माणसाचा बायोडेटाच असतो, पकडलं गेलं तर नाव जातं. मी तर अजून पकडला गेलो नव्हतो.

मंगळवारी एचआरच्या मॅडमनी बोलावून घेतलं. पोस्ट त्यांच्या साहेबांपर्यंत गेली होती. वार्षिक मेळाव्यात अण्णांचं व्याख्यान ठेवू या, म्हणाल्या, विषय ‘विश्वास दळताना’, वीस मिनिटं, शाल-श्रीफळ. मी तोंडावर हसू ठेवून हो म्हणालो.

बुधवारी संध्याकाळी गिरणीत गेलो. पट्ट्याचा आवाज, हवेत पीठ, अण्णांच्या भुवया पांढऱ्या. मी ओरडून विचारलं, ‘अण्णा, आमच्या ऑफिसात दोन शब्द बोलाल का?’

‘तुमचा डबा रविवारपासून पडलाय. जागा अडते.’

‘नाही, म्हणजे, तुमच्या अनुभवाबद्दल...’

‘चाळीस रुपये. सुट्टे द्या.’

डबा घेऊन घरी आलो. आईने झाकण काढलं, चिमूटभर पीठ घेऊन अंगठ्याखाली चोळलं, पाण्याचा थेंब टाकून बोटांत ओढून पाहिलं. ते चिकटत होतं.

‘आधी काय दळलं होतं, ते विचारलं नाहीस ना?’