कमी जुनी गाडी: दांपत्यासाठी एकदिवसीय मार्गदर्शिका

जुनी गाडी देऊन तिच्याहून कमी जुनी गाडी आणण्यासाठी पती-पत्नींनी जवळच्या मोठ्या शहरात जाऊन त्याच दिवशी परतणे, या उपक्रमात गाडी हा विषय दुय्यम असतो. सातारकर दांपत्याची पुणेवारी हा त्याचा नमुनेदार प्रकार. अंतर सुमारे ११० किलोमीटर, वाटेत खंबाटकी घाट, दोन टोलनाके आणि परतताना मतभेद पूर्णत्वास जाण्याइतका वेळ.

काळाची निवड प्रथम करावी. गाडी दसऱ्याला किंवा पाडव्याला दारात यावी अशी सर्वांचीच इच्छा असल्याने त्या दिवसांत विक्रेता ताठ असतो. पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही आणि तोच विक्रेता चहा विचारतो. म्हणून भाव पितृपक्षात ठरवावा आणि ताबा घटस्थापनेला घ्यावा. यात पितरांचा मान राहतो आणि पाकिटाचाही.

अंदाजपत्रके तीन असतात: पतीच्या मनातले, पत्नीच्या मनातले आणि नाश्त्याच्या वेळी दोघांनी मोठ्याने मान्य केलेले. तिसऱ्याचा व्यवहाराशी संबंध नसतो. भावाच्या बाबतीत एक मुद्दा मात्र पाठ करून जावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. विक्रेता आपण गाडी घेतली तेव्हाची किंमत सांगून उसासा टाकतो. त्या वेळी तेच मॉडेल आज नवे कितीला मिळते एवढेच शांतपणे विचारावे.

जाहिरातींची भाषा वेगळी शिकावी लागते. ‘सिंगल हँड’ म्हणजे कागदावर एकच नाव. चालवणारे हात किती, हे त्यात येत नाही. ‘घरची गाडी’ ही दलालाकडेही असते. ‘डॉक्टरांची गाडी’ हा सर्वांत मोठा वर्ग असून, बाजारातील अशा गाड्या पाहता प्रत्येक डॉक्टर दर महिन्याला एक गाडी विकत असला पाहिजे. ‘किरकोळ टचअप’ या शब्दांवर थांबावे आणि कुठे, ते विचारावे.

आता तपासणी. पुरुषाने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून टायरला हलकी लाथ मारावी, दार आपटून आवाज ऐकावा आणि ‘हं’ म्हणावे, असा रिवाज आहे. त्यातून गाडीविषयी काहीही कळत नाही, पण हे केले नाही तर विक्रेत्याला संशय येतो. खरी तपासणी त्यानंतर सुरू होते. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल तर इंजिन आधीच तापवून ठेवलेले असू शकते; अशा वेळी समोरच्या टपरीवर सावकाश चहा घ्यावा आणि ते निवल्यावरच चालू करायला सांगावे, कारण खोड थंड इंजिनातच दिसते. धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे, काळा असेल तर इंधन नीट जळत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याचा संशय घ्यावा आणि पुढचा पत्ता काढावा.

टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची आणि चारही टायर गेल्या वर्षीचे असतील, तर मीटरवरचे बावीस हजार किलोमीटर जरा आश्चर्याने वाचावेत. ब्रेक-क्लचच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झाले असेल तर ते आश्चर्यही उरत नाही. मीटर मागे नेता येते, रबर नाही.

सर्वांत फलदायी तपासणी बहुधा पत्नी करते, कारण ती विक्रेत्याशी इंजिनाविषयी बोलत बसत नाही. तिने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. गुंडाळलेल्या टोकाला चिखलाची रेघ आणि सीटच्या पट्ट्यांना गंज म्हणजे गाडी पाण्यात उभी होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात किती गाड्या बुडाल्या, हे सातारकरांना सांगायला नको. मग ग्लोव्ह बॉक्स उघडावा. त्यात सर्व्हिसची बिले असतील तर किलोमीटरचा खरा हिशेब तिथेच मिळतो. शेवटी ‘पण तुम्ही का विकताय?’ असे विचारून गप्प बसावे. या शांततेत पतीने ‘मोठी घ्यायची असेल’ असे उत्तर पुरवू नये.

टेस्ट ड्राइव्हला एकाने मागे बसावे. उद्या तिथे सासूबाई बसणार आहेत आणि त्यांचा अभिप्राय आयुष्यभर ऐकायचा आहे. चढावर एसी लावून पाहावा, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का ते बघावे. रेडिओ बंद ठेवावा. विक्रेता तो लावतो, ते संगीतप्रेमामुळे नव्हे.

घासाघीस दुपारच्या जेवणानंतर करावी, कारण उपाशी दांपत्य लवकर हो म्हणते. ‘अहो, चला, ती पांढरीच बरी होती’ हे वाक्य पत्नीने दारापर्यंत चालत जात उच्चारायचे असते. पांढरी गाडी अस्तित्वात असण्याची गरज नाही. मात्र पतीने ‘कुठली पांढरी?’ असे विचारल्यास पुढील सवलत संपते. मेव्हण्याला फोन शेवटी लावावा. त्याला नेहमीच याहून स्वस्त मिळत होती.

आपली जुनी गाडी त्याच विक्रेत्याला द्यायची असेल तर तिचा भाव आधी काढून घ्यावा. तिच्यावरच्या ओरखड्यांची यादी परक्याच्या तोंडून ऐकण्याची तयारीही ठेवावी. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून सही घ्यावी. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. तो पन्नास टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून त्याचे प्रमाणपत्र मागून नव्या विम्यात वापरावे.

कागदांत विनोदाला जागा नाही. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र हवे. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ यावर पैसे देऊ नयेत. राहिलेली ई-चलने तिथेच मोबाइलवर बघावीत. दिल्लीकडची डिझेल गाडी फार स्वस्त वाटली, तर तिथे दहा वर्षांनंतर डिझेलवर आलेली बंदी आठवावी. शिवाय परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ चे ना-हरकत आणि इथला रोड टॅक्स लागतो. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात. घेणाऱ्याला आरटीओकडे जाण्यास ३० दिवस आणि विमा आपल्या नावावर करण्यास १४ दिवस मिळतात.

काचेवरचा फास्टॅग निघण्यापूर्वी उतरवून आपला नवा लावावा. नाहीतर खेड शिवापूरचा टोल जुन्या मालकाच्या खात्यातून कापला जातो आणि खंबाटकीच्या घाटात त्याचा फोन येतो.