दारातला भाविक

दारातला भाविक हा ईस्ट इंडियन कॅथलिक समाजात सर्रास आढळणारा प्रकार आहे. ठाण्यात माजिवड्याच्या अवर लेडी ऑफ फातिमा चर्चपासून थेट वसईपर्यंत त्याचा वावर असतो. वय पन्नाशीच्या आसपास, शर्ट कडक इस्त्रीचा, गळ्यात सोन्याचा क्रूस, गाडीच्या आरशाला रोझरी. बाके रिकामी असली तरी मिस्साला तो दारातच उभा राहतो. प्रवचन सुरू झाले की अंगणात येतो आणि संपले की बरोबर आत जातो. ही वेळ त्याला घड्याळाशिवाय कळते. मधल्या काळात मेट्रोचे काम, घोडबंदर रोडची कोंडी आणि गावठाणातल्या जागेचे भाव एवढे विषय उरकतात.

श्रद्धेबद्दल त्याला विचारावे लागत नाही, तो आपणहून सांगतो. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले, त्यांचा उल्लेख तो घरच्या माणसांसारखा करतो. वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर गेले, हेही तोंडपाठ. एवढा वारसा सांगून झाल्यावर फाटकासमोर आडवी लावलेली गाडी काढायला कोणी सांगितले, तर मात्र तो भडकतो.

उपवासकाळ हा त्याचा खरा हंगाम. राखेच्या बुधवारी कपाळावरची राख तो संध्याकाळपर्यंत जपतो, ऑफिसातही. शुक्रवारी मांस वर्ज्य. माशाला चर्चची मनाई नाही, म्हणून त्या दिवशी घरी सरंगा येतो, तोही भरलेला, आणि बायकोची सकाळ स्वयंपाकघरातच जाते. चाळीस दिवस दारू बंद असते. ईस्टरची बाटली तेवढी आधीच कपाटात येऊन पडलेली असते. पापनिवेदनाला तो आपल्या पॅरिशमध्ये जात नाही, कारण फादर आवाज ओळखतात. त्यासाठी तलावपाळीजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च बरे पडते.

मिस्सात एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की हात जोडून तो डावीकडे वाकतो, उजवीकडे वाकतो. मागे वळत नाही. मागे सख्खा भाऊ उभा असतो आणि वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावरून दोघांचे बोलणे बंद असते. वेदीपाशी दान आणल्यावर भाऊ रुसल्याचे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करून ये, असे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात येशूने सांगितले आहे. दारातला भाविक दान टाकतो आणि गाडीकडे वळतो.

फातिमाची मरियादर्शने 1917 सालची, हे त्याला तारखांसह माहीत असते. त्याच वर्षी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय उभा केला. ख्रिस्ताचा शिष्य म्हणवणाऱ्याला बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिथे जागा होती. हा दाखला कोणी पुढे केलाच तर त्याचे उत्तर तयार असते: ‘‘ते प्रोटेस्टंट.’’

त्याच्या नेमका उलट प्रकार म्हणजे उशिरा येणारी मावशी. ती हमखास पहिल्या वाचनानंतर धापा टाकत येते आणि दारातला भाविक घड्याळाकडे बघून मान हलवतो. चाळीत तिच्या शेजारी अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी असते. देवळात निघण्यापूर्वी मावशी तिचे अंग पुसते, पेज भरवते, वाढलेली नखे कोमट पाण्यात भिजवून कापते. म्हातारीच्या दारातल्या तुळशीलाही पाणी घालते, कारण तिला उठवत नाही. हे धर्मात बसते का, याबद्दल दारातल्या भाविकाला शंका आहे. मावशीने तो प्रश्न कधी विचारलेला नाही. तिची भक्ती दिसायला तशी साधारणच: रोझरीच्या तिसऱ्या दशकात तिला डुलकी लागते, स्तोत्राचा सूर चुकतो, हुतात्म्यांची नावे सांगता येत नाहीत. भांडलेल्या जावेला मात्र ती नाताळच्या आधीच बॉटल मसाल्याची बाटली देऊन येते. शांती देण्याच्या वेळी तिला चारही दिशांना वळता येते.

अशा मावश्या प्रत्येक पॅरिशमध्ये मोजक्याच, आणि फादरना त्या नावानिशी ठाऊक असतात. दारातल्या भाविकांची मोजदाद कोणी केलेली नाही. शेवटच्या आशीर्वादाआधीच ते निघून गेलेले असतात.