मी प्याचे, व्हाया अंबड

जालन्याच्या स्टँडवर घनसावंगीची गाडी लागली तेव्हा भाच्याच्या कानात बोंडं होती आणि तोंडात इटालियन. हा बोलोन्याला शिकायला निघालाय. तिथलं विद्यापीठ 1088 सालचं मानतात. ज्ञानेश्वरी लिहून व्हायला तेव्हा अजून दोनशे वर्षं होती. ताईला हे मोठ्या अभिमानानं सांगितलं, तर म्हणते, "इतकं जुनं? भिंती तरी धड आहेत का, बघ म्हणावं." जाण्याआधी जांबला समर्थांचं दर्शन झालंच पाहिजे, हा हुकूमही तिचाच. सोबतीला मामा, कारण मामा रिकामा.

गाडी हलली आणि पाठांतर सुरू झालं. "मी प्याचे. मी प्याचे. नोन मी प्याचे."

पुढच्या बाकावरच्या आजींनी मान वळवली. आमच्याकडं ‘पाणी प्याचं का?’ असंच विचारतात, त्यामुळं त्यांना एक अक्षरही अडलं नाही. "पी ना बाबा," म्हणत त्यांनी पाण्याची बाटली मागं केली. भाचा घोटभर प्यायला, बाटली परत दिली आणि पुन्हा म्हणाला, "मी प्याचे!"

आता पटकेवाले आजोबा वळले. "पाण्यानं भागंना वाटतं ह्याचं."

कंडक्टरनं तिकिटाचं मशीन काखेला मारलं आणि माझ्या कानाशी वाकून विचारलं, "घेतलीय का यानं?"

"छे हो, इटालियन आहे."

"देशी का विदेशी ते नाही विचारलं मी."

मग सगळ्या गाडीला समजावून सांगावं लागलं. ‘प्याचे’ म्हणजे आवडतं. हे क्रियापद तिकडं उठताबसता लागतं आणि इंग्रजीच्या वाटेनं इटालियन शिकणाऱ्यांना तेच सगळ्यात छळतं. भाच्याला मोबाइलमधलं ॲप इंग्रजीतूनच शिकवत होतं. इंग्रजीत मान आवडणाऱ्याचा, तो कर्ता आणि कॉफी बिचारी कर्म. इटालियनमध्ये कॉफीच कर्ता. ती आवडते, आपण नुसते कपामागं उभे. वर ‘मी’ म्हणजे ‘मी’ नव्हेच, ‘मला’! वस्तू अनेक असल्या की प्याचेचं ‘प्याच्चोनो’ होतं. ॲपच्या इंग्रजी वळणावर जाऊन भाचा आठवडाभर ‘यो प्याच्चो’ घोकत होता. त्याचा अर्थ ‘मी आवडतो’. कॉफीच्या दुकानात शिरून पोरानं पहिलं वाक्य हे टाकलं असतं तर तिथल्या बाईनं काय आणून दिलं असतं, कोण जाणे.

"अरे, मला मोसंबी आवडते, मला पेरू आवडतात," मी म्हणालो. "आवडते, आवडतात. अंगणवाडीतलं लेकरू बोलतं हे. तू जालन्याहून रोमला व्हाया लंडन कशाला चाललास?"

भाच्यानं तोंडातल्या तोंडात दोन्ही वाक्यं म्हणून पाहिली. मग मोबाइलकडं असं पाहिलं, जणू वर्षभर शिकवणीची फी घेऊन कुणी आपलंच पुस्तक आपल्याला विकलंय. ‘मला वाटतं’ला तिकडं ‘मी सेम्ब्रा’ म्हणतात, तेही ह्याच घाटणीचं. आवडीनिवडीची सगळी जबाबदारी समोरच्या वस्तूवर ढकलायची ही सोय दोन्हीकडं आहे, आणि मला तरी ती इंग्रजांपेक्षा शहाणपणाची वाटते.

अंबडला गाडी थांबली. मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची आहे म्हणतात. खिडकीतून मला शेपटी सापडली, डोकं आजोबांनी दाखवलं. खाली मोसंब्यांचे ढीग होते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, हे विक्रेत्याला सांगायची गरज नव्हती. भावातच कळत होतं. मोसंबी संत्र्याच्या कुळातली, म्हणून भाच्यानं नवा आत्मविश्वास थेट तिच्यावर काढला. "मी प्याच्चोनो ले आरांचे!"

"रांचीची नाय दादा," विक्रेता दुखावला, "अस्सल बदनापूरची हाय."

आजींनी मात्र आता ताल पकडला होता. "त्याला आवडतेत म्हणायलाय तो. दे दोन किलो."

घनसावंगीहून काळी-पिवळीत कोंबून घेऊन जांब समर्थ गाठलं. 1608 साली रामनवमीला समर्थ जन्मले ते हे गाव. दर्शन झाल्यावर पुजारीबुवांनी हकिगत सांगायला घेतली. मंडप सजलेला, अंतरपाट धरलेला, भटजी ‘सावधान’ म्हणाले आणि नवरदेव पळाला. शब्द कानावर पडल्याबरोबर त्याचा इतका तंतोतंत वापर करणारा विद्यार्थी कुठल्याच भाषेला पुन्हा मिळाला नसावा. भाच्यानं दिवसात पहिल्यांदा कानातली बोंडं काढली.

"मग पुढं?"

"पुढं नाशिकला टाकळी. बारा वर्षं."

"आणि घरचे?"

"बसले वाट पाहत."

भाचा बराच वेळ दाराच्या दिशेनं पाहत होता. तेवढ्यात ताईचा फोन आला. दर्शनाची चौकशी तिनं एका वाक्यात उरकली. "त्याला फोटो पाठवलाय सकाळीच. परभणीची आहे, बीएस्सी. रविवारी बोलवायचंय त्यांना. विचार त्याला, आवडली का?"

मी फोनवर हात ठेवून विचारलं.

"मामा, ‘आवडली’ला भूतकाळ लागतो," भाचा बोंडं परत कानात घालत म्हणाला. "तो धडा अजून उघडला नाही, सांगा तिला."